चाचांचं खमीर

कुवेतमध्ये फहाहीलला माझ्या शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडचे एक चाचा राहत. ते बेकरीत कामाला होते. पाव फुगवायचं खमीर भिजवलं की भांड्यावर फडकं टाकून ते हळूच बिस्मिल्ला म्हणत, जणू मूल निजवताहेत.

दारूबंदी आली तेव्हा मी घरीच बियर करायची ठरवली. गच्चीत धुतलेल्या बाटल्या उन्हात हिरव्या झळकत होत्या. समुद्राचा वारा त्यांच्या तोंडांवरून घुमत जायचा. मी चाचांकडे खमीर मागितलं, पावासाठी म्हणून.

"पावाला एवढ्या बाटल्या लागतात काय, भाऊ?" ते हसले. तरी खमीर त्यांनीच कोमट पाण्यात भिजवून दिलं. फडकं मात्र माझ्या हातात ठेवलं. "हे तुम्हीच झाका. माझ्या तोंडून सवयीनं अल्लाचं नाव निघायचं."

तेवढ्यात घरमालक वर आला. "हे कोणाचं?"

प्रकरण पोलिसांत गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं.

"खमीर माझं," चाचा म्हणाले.

संध्याकाळी त्यांना खोली सोडावी लागली. आमच्या लोकांत ते 'बियरवाले चाचा' झाले. त्या नावावर मीही वर्षानुवर्षं हसलो.

खमीर त्यांचंच होतं. ते खोटं बोलले नाहीत. बाकी सगळं माझं होतं. त्यांनी तर त्यावर फडकंसुद्धा टाकलं नव्हतं.