नातीची दाढ

माझी वहिनी मुलांच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. पोरं तिला कापूसबाई म्हणत. सहाव्या वर्षाच्या सुमारास मागची पक्की दाढ उगवते. तिच्या खाचांत अन्न अडकून कीड लागते, म्हणून डॉक्टर त्या खाचा पातळ लेपाने बुजवत. लेप बसेपर्यंत दाढ कोरडी ठणठणीत हवी. थुंकी लागली की सगळं पहिल्यापासून. गालात कापूस कोंबून जीभ बाजूला धरणं हे वहिनीचं काम, आणि त्यात ती कोणाला भीक घालत नसे. हळव्या आयांना सरळ बाहेर काढी. "बाई, तुम्ही तुमचे डोळे पुसा, पोराचं तोंड मी बघते."

मग तिची स्वतःची नात खुर्चीत बसली. लेपाआधीचं औषध आंबट लागलं नि पोरीने भोकाड पसरलं. "आजी, पुरे ना गं!" वहिनीचा हात सैल पडला, जीभ दाढेवरून फिरली. दिवा ओढून घेत डॉक्टरांनी विचारलं, "कोरडी आहे ना?"

"आहे."

लोक याला माया म्हणतात. मी याला खोटं बोलणं म्हणते.

पुढे तपासणीलाही कोणी नेलं नाही. आजीच दवाखान्यात, मग वेगळं कशाला जायचं? गाल सुजला तेव्हा लेपाचा पत्ता नव्हता आणि दाढ आतून पोखरली होती. काढावी लागली.

वहिनीची सून पेशंटांसमोर डॉक्टरांवर कडाडली, "कसलं भिकार औषध फासलंत?" लेप असा निघतो तो ओल्या दाढेवरून, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. त्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती हत्यारं धूत राहिली.

"चुकलं असेल माझं," डॉक्टर म्हणाले.

हे सगळं वहिनीनेच मला सांगितलं. मी म्हटलं, "मग ऊठ, सुनेला सांग!"

"वन्सं, ती पोरीला माझ्याकडे ठेवायची नाही."

"आणि डॉक्टरांचं काय?"

"ते शिकलेले आहेत, सावरतील."

सुनेने फर्मान काढलं, "आई, सोडा ती नोकरी." सोडली. नात आता शाळेतून थेट आजीकडे येते. आमच्या गल्लीतलं एकही पोर आता त्या दवाखान्यात जात नाही. परवा सून शेजारणीला बजावत होती, "तिकडे फिरकूसुद्धा नका." शेजारीण वहिनीकडे वळली, "तुम्ही तर आतच होता. खरंच का हो इतका निष्काळजी माणूस?"

वहिनीने मांडीवरच्या नातीला जवळ ओढलं.

"खरंच," म्हणाली.