पाठीवरचं खोगीर

पाटोद्यात आमच्या गल्लीच्या टोकाला वरातीची घोडी पाळणारा एक माणूस राहतो. माणसांवर तो सतत खेकसतो, घोडीशी मात्र हळू आवाजात बोलतो. मागच्या उन्हाळ्यात खोगीर घासून तिच्या पाठीत पू झाला आणि डॉक्टरांना ऑपरेशन करावं लागलं. जखम भरली, पण खोगीर दिसलं की ती थरथरायची.

मग रोज सकाळी तिला फिरवायला नेताना तो खोगीर स्वतःच्याच पाठीवर बांधू लागला. बाजारातले लोक हसायचे. मी एकदा विचारलं, "हे कशापायी?"

"तिला दिसू द्या, हे वझं माझ्या बी पाठीवर हाय," तो म्हणाला. "लई भ्यालीय ती."

दिवाळीनंतर एका सकाळी मी त्यांच्यासोबत चालत होतो. घोडीनं मान पुढं केली आणि त्याच्या पाठीवरचं खोगीर हुंगलं. तो जागीच थांबला. त्यानं हलक्या हातानं खोगीर सोडून तिच्या पाठीवर ठेवलं. ती शांत उभी राहिली.

"आता लग्नसराईला तयार झाली की!" मी म्हणालो.

त्यानं डोळे पुसले, खोगीर उतरवलं आणि पुन्हा आपल्या पाठीवर घेतलं.

"न्हाई. आजच्याला एवढं बास."