पॉलिकार्प कोला फोडतात

आमच्या असाबात, नायजेरियातल्या या फिल्मवाल्या शहरात, एक्स्ट्राला 'वाका-पास' म्हणतात. पडद्यावर आला, चालला, गेला. नायिका रडत असते तेव्हा मागून पाण्याचं भांडं डोक्यावर घेऊन जाणारी जी बाई दिसते, ती मी. माझं नाव पर्पेचुआ, पण ते विचारायची कोणाला गरज पडत नाही, "ए, पिवळा रुमाल!" म्हणून ओरडलं की मी वळते. लोक हसतात. हसू देत. समोर लोटांगण घालायला आम्ही वीसजण नसलो तर त्यांचा तो राजा म्हणजे खुर्चीत बसलेला एक जाडा माणूस, दुसरं काय?

पॉलिकार्प आमच्यातले सगळ्यात जुने. मी त्यांना पापा चिदेरा म्हणते, त्यांच्या थोरल्या मुलीच्या नावावरून. पेशाने ते पंक्चरवाले. ज्या हॉटेलसमोर सकाळी फिल्मवाल्यांची बस लागते, तिथेच रस्त्याकडेला त्यांचा कॉम्प्रेसर असतो. एकदा एका डायरेक्टरच्या गाडीचं चाक बसलं. पॉलिकार्प ते काढून लावेपर्यंत तो माणूस त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघत उभा होता. शेवटी म्हणाला, "पापा, राजाचे मानकरी व्हाल का?" तेव्हापासून ते मानकरी. लाल टोपी, पोवळ्यांची माळ, राजाच्या डाव्या हाताची खुर्ची. गावात खरी लाल टोपी डोक्यावर यायला पदवी घ्यावी लागते, सगळ्या गावाला जेवायला घालावं लागतं. ही टोपी कपडेवाली पिशवीतून काढून देते आणि संध्याकाळी परत मागते.

आणि बसणं काय त्यांचं! ते खुर्चीवर टेकले की राजाचं काम करणारा नटसुद्धा पाय जवळ घेऊन नीट बसायचा. पण एवढ्या वर्षांत तोंडी वाक्य एकही नाही. मान डोलवायची, दाढीवरून हात फिरवायचा, "ग्रामस्थ संतापले" असं लिहिलेलं असलं की संतापायचं. वाका-पासला बोलायला दिलं की जास्त पैसे द्यावे लागतात, म्हणून कोणी बोलायला देत नाही.

शेवटी एका वर्षी तोबे नावाच्या तरुण डायरेक्टरने दिलं. राजवाड्यात तंटा मिटतो आणि राजा आपल्या मानकऱ्याला कोला फोडायला सांगतो, असा प्रसंग होता. कोला हे दिसायला एक कडवट बी, पण ते म्हणजे आमच्याकडे खेळ नाही. पाहुणा आला की आधी कोला पुढे यायला हवा. जाणत्या पुरुषाने तो हातात धरून पूर्वजांना हाक मारायची, त्यांच्याकडे मागणं मागायचं, मग फोडायचा, आणि तुकडे बसलेल्या सगळ्यांनी खायचे. तोबे म्हणाला, "प्रार्थना तुम्हीच म्हणा पापा, लिहून काय द्यायची? तुम्हाला येतच असेल."

पॉलिकार्प पंधरवडाभर पंक्चर काढता काढता पुटपुटत होते. मी थट्टा केली, "पापा चिदेरा, टायरला आशीर्वाद देताय का?"

"हस तू," ते म्हणाले. "पण पेपे, त्या दिवशी तू जवळ उभी राहा. माझा आवाज कापला तर मला खोकून दाखव."

राजवाड्यातले बाकीचे प्रसंग असाबातल्या एका वाड्यात घेऊन झाले होते. पॉलिकार्पचा चेहरा, ती टोपी, ती खुर्ची, सगळं चित्रपटात जाऊन बसलेलं. कोलाचा एकच प्रसंग उरला आणि त्या वाड्याच्या मालकाकडे मयत झालं. तोबेच्या माणसाने धावाधाव करून दुसरी जागा मिळवली आणि बस नायजर नदीचा पूल ओलांडून पलीकडे निघाली. गावाचं नाव उमुडिओबी. ते ऐकलं आणि पॉलिकार्पनी डोक्यावरची टोपी काढली. मी शेंगदाणे पुढे केले, त्यांनी घेतले नाहीत. टोपी मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसले.

"ओळखीचं गाव आहे का?" मी विचारलं.

"माझंच आहे," ते म्हणाले.

घर होतं ओगबुएफी इलोझुए यांचं. ओगबुएफी ही त्यांची पदवी; लाल टोपी खरी, पोवळी खरी, मिजास तर त्याहून खरी. त्यांच्या ओबीत, म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाच्या बैठकीत, प्रसंग घ्यायचा होता. आमचे नकली मानकरी बघून त्यांना गंमत वाटली. पदवीवाले एकमेकांना भेटतात तसा तळहाताची मागची बाजू तीनदा आपटून त्यांनी एकेकाला रामराम केला. "या महाराज! या सेनापती!" पॉलिकार्पपर्यंत हात आला आणि तिथेच थांबला.

"तू न्वाफोचा मुलगा ना?"

"हो."

ओगबुएफींनी हात आपल्या झग्याला पुसला. खरोखर पुसला, मी बघितलं. मग तोबेकडे वळून म्हणाले, "याला ओबीच्या बाहेर उभा करा. पहारेकरी करा, ढोलवाला करा, काय हवं ते करा. माझ्या बापाच्या बैठकीत ओसू बसणार नाही."

हा शब्द आमच्याकडे मोठ्याने कोणी उच्चारत नाही. लग्न जमवताना कुजबुजतात. पॉलिकार्पच्या पणजोबाला कोणीतरी नवस फेडायला देवाला वाहिलं होतं. तेवढं पुरलं. त्यांच्या पोराबाळांना पदवी नाही, गावात सोयरीक नाही, आणि त्यांच्या हातचा कोला कोणी खायचा नाही. कायद्याने हे कधीच संपलं, असं शाळेत शिकवतात. गुरुजीही शिकवतात आणि घरी जाऊन मुलाच्या लग्नात तेच विचारतात. माझं डोकं असं तापलं की हातातलं मडकं तिथेच आपटावंसं वाटलं. ते कपडेवालीचं होतं म्हणून वाचलं.

तोबेची पाचावर धारण बसली. पॉलिकार्पला काढावं तर आधीचे सगळे प्रसंग पुन्हा घ्यावे लागणार. ठेवावं तर घरमालक हाकलून देणार. त्याने बरंच डोकं खाजवलं आणि धंद्यातली युक्ती काढली.

"ओगबुएफी, पापा नुसते बसतील. ओठ हलवतील. कोला फोडताना मी फक्त हात दाखवीन, आणि ते हात तुमच्या पुतण्याचे घेऊ. आवाजही मागाहून दुसऱ्याचा भरू. चालेल?"

"जमिनीवर तरी टेकणार नाही ना तो?"

"खुर्ची आमची आहे."

ओगबुएफींनी नाक मुरडून होकार दिला. तोबे पॉलिकार्पच्या कानाशी लागला, "पापा, समजून घ्या. नुसते ओठ."

पॉलिकार्पनी त्याच्याकडे बघितलं नाही. टोपी डोक्यावर घातली, दोन्ही हातांनी सारखी केली आणि आत जाऊन बसले. आम्हाला वाटलं, गिळला अपमान. आयुष्यभर गिळत आलेला माणूस आणखी एक गिळेल, असंच वाटतं ना आपल्याला.

अंगणात अर्धं गाव जमलं होतं. तोबे म्हणाला, "अ‍ॅक्शन." राजाने ताटली पुढे केली. पॉलिकार्पनी कोला उचलला, आणि त्यांच्या तोंडून आवाज निघाला. असा आवाज की भिंतीवरची पाल हलली असेल.

"ज्यांनी ही जमीन पहिल्यांदा खणली, ते ऐका. आमच्या लेकरांना आयुष्य द्या."

"ईसे!" सगळे मानकरी म्हणाले. तथास्तु म्हणायची ती सवयच आहे, कॅमेरा असो नसो.

"इथे बसलेला माणूस इथून स्वतःच्या पायांनी उठून जावो."

"ईसे!"

"आणि या बैठकीत ज्यांना कोणी हाक मारली नाही, तेही ऐका. माझा बाप न्वाफो, ऐक. त्याचा बाप उडेग्बुना, ऐक. त्याचा बाप इकेमे, ज्याला तुम्ही बांधून देवाला दिलात, तो ऐको. तुझा पणतू कोला फोडतोय."

यावर कोणी ईसे म्हटलं नाही. कोला त्यांच्या बोटांत कट्‌ करून फुटला, आणि बाहेरून ओगबुएफी गरजले, "थांबवा! बाटवलं! माझं घर बाटवलं!"

"कट," तोबे म्हणाला. तो घामाघूम झाला होता. पण या पोराला मी तेव्हापासून मानते. हात जोडून तो ओगबुएफींना म्हणाला, "बाबा, तुमचं ओरडणंही आलंय आत. आता थांबलो तर हाच तुकडा चित्रपटात घालावा लागेल. त्यांची प्रार्थना आणि तुमची आरोळी. सगळा देश बघेल. तुमचा आवाज नको असेल तर पुन्हा घ्यायला हवं. तुम्ही फक्त गप्प राहा."

ओगबुएफी दोन पावलं मागे सरकले.

"मग पापा," तोबे हळूच म्हणाला, "तसंच म्हणा. शब्द बदलू नका."

दुसऱ्यांदा पॉलिकार्पनी कोला फोडला. राजाने तुकडा खाल्ला. तो मुरलेला नट, त्याने दगडसुद्धा चावला असता. शेजारी सायलस बसला होता, बसस्टँडवर सामान चढवणारा, याच बाजूच्या गावचा. त्याने तुकडा तोंडाशी नेला आणि मुठीतून हळूच झग्यात सोडला. मी बघितलं. पॉलिकार्पनीही बघितलं. तरी ते ताटली पुढे पुढे देत राहिले.

त्या वेळी बाहेरून मोटारसायकल गेली. आवाज आला. तोबे म्हणाला, "पुन्हा."

तिसऱ्या वेळेपर्यंत उन्हं कलली होती आणि भात घेऊन येणारी गाडी अजून पुलावरच अडकलेली. पॉलिकार्पनी प्रार्थना केली, बापांची नावं घेतली, कोला फोडला. सायलसने या वेळी तुकडा सरळ तोंडात टाकला, कचाकचा चावला आणि दुसऱ्यालाही हात घातला.

"सायलस, मेल्या, भुकेला आहेस की मानकरी आहेस?" तोबे ओरडला.

"दोन्ही!" सायलस तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. अंगणातलं गाव हसलं. तेच गाव, सकाळी ज्याला विटाळ झाला होता. पॉलिकार्प हसले नाहीत.

तोबे उठला. "आता शेवटचं. फक्त हात दाखवायचेत, जवळून."

"माझा पुतण्या..." ओगबुएफी पुढे सरसावले.

"हात माझे," पॉलिकार्प खुर्चीतूनच म्हणाले. "तोबे, तुझ्या गाडीची चाकं या हातांनी लावली, तेव्हा तू दुसऱ्याचे मागितले नाहीस. या गावाला माझे हात नको असतील तर माझं तोंडही काढून टाका. सगळे प्रसंग पुन्हा घ्या. मी चालत असाबाला जातो, पूल मला माहीत आहे."

तोबेने ताटलीत बघितलं. ताटली रिकामी होती. सायलसने शेवटचा तुकडाही संपवला होता.

"कोला आणा कोणीतरी!"

दुकान दूर, आणि जमलेल्यांपैकी ज्याच्या खिशात कोला होता त्याने तो आणखी खोल ढकलला. ओगबुएफी छातीवर हात बांधून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा समाधान दिसलं. कोला नाही तर प्रसंग नाही. मला रडू फुटायचं बाकी होतं, रागाने.

तेवढ्यात आतलं दार वाजलं. ओगबुएफींची बायको, गाव जिला मानाने लोलो म्हणतं, लाकडी ताटलीत चार कोला घेऊन बाहेर आली. म्हातारी, सावकाश चालणारी. आमच्यात बाई कोला नवऱ्याच्या हातात देते, तो पाहुण्याला देतो. ती नवऱ्याच्या समोरून गेली, थांबली नाही.

"लोलो! कुठे निघालीस?"

"माझ्या घरात सकाळपासून पाहुणे बसलेत," ती मागे न बघता म्हणाली. "इलोझुएच्या घरी कोला संपला, असं कोणी बाहेर जाऊन सांगता कामा नये. तुम्हाला लाज नसेल, मला आहे."

आणि ताटली तिने पॉलिकार्पच्या हातात दिली. पॉलिकार्प उभे राहिले, दोन्ही हातांनी ताटली घेतली. आभार मानताना त्यांचा आवाज कापला. मी खोकले नाही.

हातच दाखवायचे होते, प्रार्थनेची गरज नव्हती. तरी ते पुन्हा म्हणू लागले आणि तोबेने थांबवलं नाही. माझा बाप न्वाफो. त्याचा बाप उडेग्बुना. त्याचा बाप इकेमे.

"ईसे," लोलो म्हणाली, एकटीच. आणि मग ओबीतले सगळे पुरुष म्हणाले.