आगरावरचं वारं

चैत्रातलं कोरडं वारं सुटलं आणि आम्ही चार जुनी माणसं एकत्र बसलो, की आगरावरच्या गोष्टी निघणारच. एकाची संपते न संपते तोच दुसऱ्याला तिसरी आठवते. ऐकणारे कंटाळतात, आम्ही नाही!

पन्नास सालच्या आसपास मी पनवेलच्या खाडीवर एका मिठागरात कारकून होतो. आमच्याकडे त्याला आगर म्हणतात. बांध घातलेल्या उथळ खाचरांत, म्हणजे कोंड्यांत, खाडीचं पाणी घ्यायचं, उन्हाने आणि वाऱ्याने ते आटलं की खाली मीठ पिकतं. त्यामुळे एप्रिल-मेमध्ये अख्खं पनवेल त्या भणाणत्या वाऱ्याला शिव्या घालायचं आणि आम्ही तो टिकावा म्हणून देवाला नारळ बोलायचो.

*

दामलेसाहेब मॅनेजर म्हणून पुण्याहून आले ते सोला हॅट घालून. पहिल्याच दिवशी बांधावर उभे राहिले आणि हॅट गेली थेट खाडीत! आमचा मुकादम हिराजी तोंड भरून हसला.

साहेब तापले. "हसायला काय झालं?"

"हसू नको तं काय करू, साहेब? टोपी उडाली म्हंजे वारं लागलं! आता मीठ बघा कसं येतं!"

दुसऱ्या दिवशी साहेब नवी हॅट हनुवटीखाली नाडी बांधून आले. ती नाडी पुढे दोन महिने सुटली नाही.

*

त्या वाऱ्यात मिठाची बारीक धूळ असायची. भुवयांवर मीठ, मिशीवर मीठ, माझ्या दौतीतसुद्धा मीठ. एकदा मुंबईचे एक पाहुणे आगर बघायला आले. दुपारी आमच्याबरोबर जेवायला बसले आणि भाजीचा घास घेऊन म्हणाले, "अळणी आहे हो!"

हिराजी म्हणाला, "घाई नका करू. डबा उघडा ठेवा आनि पाच मिनिटं गप्पा मारा!"

पाहुण्यांना ती थट्टा वाटली. आम्ही मात्र खरोखरच तसं करत होतो.

*

साहेबांनी पाऊस मोजायचं एक यंत्र आणून ऑफिसमागे बसवलं होतं. रोज सकाळी त्यात पाहून मुंबईला शेठकडे रिपोर्ट पाठवायचा. एप्रिलचा महिना, आभाळ स्वच्छ, आणि एका सकाळी यंत्रात चांगला दीड इंच पाऊस! साहेबांनी नियमाप्रमाणे तो कळवून टाकला. संध्याकाळी शेठची तार आली. 'मीठ झाकलं का?'

साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. हिराजीची मुलगी शेवंती आगरावरच कामाला होती, ती पुढे आली.

"मीच वतलं पानी. चिमन्यांना तान लागली व्हती."

"अगं, पण यंत्रात?"

"मंग कशात वतू? दुसरं भांडं तुमी ठेवलंय का?"

साहेबांनी त्याच दिवशी चिमण्यांना पाण्यासाठी एक मातीचं परळ आणायला सांगितलं. रागाने सांगितलं, पण सांगितलं.

*

ह्याच शेवंतीचं लग्न ठरलं. नवरा ओवे गावचा, पोरगा चांगला. आदल्या वर्षी आजी वारली म्हणून एकदा लांबलं होतं. हिराजी रजा मागायला आला, एकट्याची नाही, सगळ्यांची. आगरावरची झाडून सगळी माणसं त्याची भावकी होती ना!

साहेब म्हणाले, "भर सीझनमध्ये? एक दिवस मीठ ओढून बाहेर काढलं नाही तर धूळ बसून सगळं काळं पडेल. वारा पडला की करा लग्न."

"वारं पडलं का पाऊस येतो, साहेब. मंग भात लावनी. मंग पोर आनखी वरीसभर बसली."

"ते मला सांगू नका. त्या दिवशी जो गैरहजर, त्याचं नाव कायमचं कट. पहिलं मुकादमाचं."

हिराजी आल्या पावली परत फिरला. वीस वर्षं त्याने ते आगर पोटच्या पोरासारखं सांभाळलेलं. मला फार वाईट वाटलं, पण कारकुनाचं कोण ऐकतो?

*

मग भागीबाय साहेबांकडे गेली. आगऱ्यांची लग्नं धवलारीण लावते, धवले गाऊन. आमच्याकडची धवलारीण म्हणजे ही भागीबाय, मिठाच्या पाट्या वाहणारी. डोक्यावर भरली पाटी घेऊनच ती ऑफिसच्या दारात उभी राहिली.

"साहेब, तुमचं लगीन लावलं तवा वारं बघितलं व्हतं का?"

साहेबांनी मान खाली घालून कागद चाळले. ती पाटीसकट तशीच उभी. शेवटी साहेब म्हणाले, "ऑर्डर म्हणजे ऑर्डर!"

"बरं," भागीबाय म्हणाली, "लगीन बी लगीनच."

*

लग्नाच्या दिवशी आगरावर चिटपाखरू नव्हतं आणि वारा तर असा, की उभं राहवेना. साहेबांनी हजेरीपत्रक माझ्या काखेत दिलं आणि तरातरा निघाले. बांध उतरला की गाव. मी मागे मागे. कुणाकुणाच्या नावावर काट मारावी लागणार ते मला ठाऊक होतं.

मांडवात पोचलो तर मांडवच उडायच्या बेतात! खांबाखांबाला माणसं लटकलेली. हिराजी विधीला बसला होता म्हणून त्याचा खांब मोकळा, आणि तो नेमका नवरीच्या बाजूला कलत होता. भागीबायने गाणं न थांबवता साहेबांकडे पाहिलं आणि खांबाकडे हात केला. साहेबांनी धावत जाऊन दोन्ही हातांनी तो धरला.

धवले काही लवकर संपत नाहीत. अर्धा तास झाला, तास झाला. साहेब घामाने निथळत होते. सोडायची सोय नव्हती.

"कारकून!" ते एकदम ओरडले. "हजेरी घ्या!"

"इथे, साहेब?"

"मग कुठे? मला हलता येतंय का?"

मी पत्रक उघडलं.

"हिराजी?"

"हाजर!"

"भागीबाय?"

तिने गाता गाता हात वर केला. मग खांबाखांबावरून आवाज येत गेले. हाजर, हाजर, हाजर. शेवटच्या नावावर मी अडलो.

"थांबलात का? नाव आहे ना पत्रकावर?"

"आहे, साहेब."

"मग वाचा!"

"शेवंती हिराजी?"

भागीबायचं गाणं थांबलं. पाटावरून, हळदीच्या पदराआडून, खणखणीत आवाज आला.

"हाजर हाय!"