घंटेआधीचा फोटो

एनिड प्रॉक्टर दर गुरुवारी सकाळी सातला चौकातल्या दगडी क्रॉसच्या पायऱ्यांवर चीज मांडायची. एल्डरबीच्या बाजारात ही जागा तिच्या आईची होती, त्याआधी आजीची. मी इथल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. तिची दोन्ही मुलं माझ्या हाताखालून गेली, पण पालकसभेला ती एकदाही आली नाही. सभा गुरुवारी असे.

मांडून झालं की ती हाताची घडी घालून उभी राहायची. आठची घंटा वाजेपर्यंत आमच्या बाजारात कुणी काही विकत नाही. नगरभवनाच्या भिंतीवर तशी पाटीच आहे: घंटेआधी जो विकेल आणि जो विकत घेईल, त्या दोघांना वर्षभर बाजार बंद; वर्ष सरलं की ज्याची जागा त्याला परत. नवी माणसं पाटीला हसतात. एनिड हसत नसे. एकदा आठला सहा मिनिटं कमी असताना एका बाईने अर्धा डझन अंडी विकली, तेव्हा एनिडनेच तक्रार केली. ती बाई तिची नणंद होती. त्या वर्षीचा नाताळ दोघींनी वेगवेगळा केला.

बाजार समितीचा अध्यक्ष क्लाइव्ह ऑल्डरसन. तोही माझाच विद्यार्थी. हुशार, गोडबोल्या, आणि दुसऱ्याची वही उतरवताना शब्द थोडे बदलण्याइतका सावध. पाहुणे बसगाड्यांनी सकाळी पडक्या मठाकडे जातात, दुपारी धबधब्याकडे, आणि संध्याकाळी वाफेच्या छोट्या गाडीत बसून परततात. गावात थांबतात ते शौचालयापुरते. त्यांना बाजारात आणायला क्लाइव्हने एक पुस्तिका काढायचं ठरवलं. मुखपृष्ठावर त्याला एनिड हवी होती.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी सकाळी तो तिच्याकडे आला. गर्दी व्हायच्या आत, पायऱ्यांवर कोवळं ऊन असताना फोटो काढू म्हणाला. तो स्वतःच पाठीवर पिशवी अडकवून, टोपी घालून पाहुणा झाला. एनिडने चीजचा तुकडा पुढे केला. त्याने नाणं पुढे केलं आणि खरं वाटायला हवं म्हणाला. चाळीस वर्षांची सवय, तिने नाणं घेऊन खिशात टाकलं.

सप्टेंबरात तिला समितीचं पत्र आलं. पुस्तिकेवरच्या फोटोत मागचं घड्याळ सात चाळीस दाखवतं आणि विक्री होताना स्पष्ट दिसते, सबब वर्षभर बाजार बंद. त्याखाली आणखी दोन ओळी: पाहुण्यांना क्रॉस मोकळा दिसावा म्हणून पुढे पायऱ्यांवर कुणालाच जागा नाही. वर्षानंतर प्रॉक्टरबाईंना मोटारतळामागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी जागा मिळेल. अंतिम निर्णय सोमवारच्या सभेत.

ते पत्र तिने माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं. रागावली की ती हळू बोलते, आणि त्या दिवशी मला कान पुढे करावा लागला.

"विकलं मी, मास्तर. ते खोटं नाही. नणंदेला बाहेर काढलं तेव्हा मी तिचं ऐकून घेतलं नव्हतं. आता माझं कोण ऐकणार? पण त्याने मलाच उभं केलं, मलाच छापलं, आणि आता मलाच हाकलतोय."

माफी मागून पाहा, असं मी सुचवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा ओतायला उठलो.

सोमवारी सभागृह भरलं होतं. क्लाइव्ह फार वाईट वाटतंय म्हणाला, नियमापुढे आपला इलाज नाही म्हणाला, आणि तिच्या घराण्याच्या सेवेबद्दल बरंच बोलला. मग एनिड उठली. हातात पुस्तिका होती.

"शिक्षा मला मान्य आहे," ती म्हणाली. "पण पाटीवर दोघं आहेत. विकणारी मी. फोटोतली ही घेणाऱ्याची पाठ कुणाची, क्लाइव्ह?"

तो हसला. ते सगळं नाटक होतं, खरी खरेदी नव्हती, असं म्हणाला.

"मग माझी विक्री तरी खरी कशी? आणि नाटकातलं चीज तू खाल्लंस, बाळा. वर आणखी मागितलंस."

पाववाला विल्फ मागच्या रांगेतून म्हणाला, "टोपी त्याचीच आहे. मागच्या गुरुवारी माझ्याकडे विसरला होता."

लोक हसले. एनिड हसली नाही. तिने समितीचा दुसरा नियम वाचून दाखवला: ज्याला बाजार बंद, त्याला समितीत बसता येत नाही. क्लाइव्हच्या गळ्याला लाली चढली. शाळेतही तशीच चढायची. मग तो घाईने म्हणाला की एवढं ताणायचं कशाला, दोघांचीही शिक्षा रद्द करू, पायऱ्यांचं नंतर पाहू.

"नाही," एनिड म्हणाली. "रद्द केलीस तर उद्या तूच त्या खुर्चीत बसून माझी जागा काढशील. मी वर्ष भरणार. तूही भर. वर्ष सरलं की ज्याची जागा त्याला परत, हेही पाटीवरच आहे."

उरलेल्या समितीने पाटीप्रमाणे मत दिलं आणि त्या दोन ओळी पत्रातून गेल्या.

ते वर्ष तिला जड गेलं. चीजसाठी पाळलेल्या बकऱ्यांतल्या निम्म्या विकल्या, गुडघा दुखायला लागला. पुस्तिका हातात धरून पाहुणे यायचे, रिकाम्या पायऱ्यांकडे बघत चीजवाली बाई कुठे म्हणून विचारायचे. विल्फ शांतपणे सांगायचा की ती शिक्षा भोगतेय. क्लाइव्हला मात्र कुणी पाव दिला नाही, कांदाही नाही. दर गुरुवारी तो गाडी काढून अकरा मैलांवरच्या गावी जायचा. मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही.

पुढच्या सप्टेंबरात, वर्ष सरल्यावरच्या पहिल्या गुरुवारी सातला एनिड पायऱ्यांवर होती. या वेळी नणंद चीज उचलून देत होती. आठला पाच कमी असताना क्लाइव्ह आला आणि रांगेत पहिला उभा राहिला, हातात नाणं घेऊन. तिने हाताची घडी घातली आणि घड्याळाकडे पाहत राहिली.

घंटा वाजली. त्याच्या खांद्यावरून ती मागच्या बाईला म्हणाली, "बोला, तुम्हाला काय देऊ?"