पिंकीचा आठचा आकडा

हो गं बायांनो, मीच भरते तो तक्ता. गावच्या शाळेतली सातवी पास, दोन बोटांनी टायपते. हसून घ्या!

नवीन आलेल्यांना सांगते. माझी नात पिंकी सात वर्षांची, तिला ब्लड कॅन्सर आहे, केमो चालू आहे. या साइटवरच्या तक्त्यात रोज ताप, उलट्या, तोंडातले फोड आणि दुखणं दहापैकी किती ते भरायचं. प्रिंट काढून डॉक्टरला दाखवायची.

आज दुपारी अंबरनाथ पूर्वेला सायबर कॅफेत आम्ही दोघी बसलेलो. पिंकी म्हणाली, "आज्जी, आठ लिही."

मागे शेजारच्या शेवंताबाई उभ्या. "पोरीचं दुखणं लिहू नये हो, लिहिलं की वाढतं. शून्य टाका."

मी म्हटलं, "असं? मग तुमचं वजन कोण लिहून ठेवतंय?"

तोंडात फोड असूनही पिंकी खुदकन हसली. मी आठच टाकला, त्यांच्यासमोर! लगेच डॉक्टरला फोन केला. त्यांनी तोंडाचं औषध बदलून दिलं, संध्याकाळी पोरीनं वाटीभर पेज खाल्ली.

तुमच्याकडे पण अशा शेवंताबाई असतील. ऐकू नका त्यांचं, खरा आकडा टाका.

शेवंताबाईंना एवढं बोलले खरं, पण पहिले पंधरा दिवस मीच शून्य टाकत होते. नजर लागेल म्हणून. कागद बघून डॉक्टर म्हणायचे छान आहे, आणि पोर घरी रडत होती.