हरवलं की चपलांपाशी

गेल्या रविवारी नृसिंहवाडीला गेले होते. देवळाबाहेर चपला ठेवायच्या जागी एक नवीन लग्न झालेलं जोडपं भांडत होतं... गर्दीत चुकामूक झालेली, फोनला रेंज नाही, आणि तू कुठं होतास, तू कुठं होतीस चाललेलं. मला हसू आलं. मुलगी रागानं बघायला लागली, तशी मी तोंड फिरवून हसले.

त्याचं कारण सिंगापूर आहे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. आमच्या ह्यांचं राजारामपुरीत पाण्याच्या मोटरी आणि पाइपांचं दुकान. एका वर्षी मोटरी जास्त खपल्या म्हणून कंपनीनं दुकानदारांना बायकांसकट सिंगापूरला न्यायचं ठरवलं. मी तिशीच्या आतली, शाळा आठवीला सुटलेली. पुस्तकांची गोडी पुढं वाचनालयानं लावली... तेव्हा इंग्रजी पाटी एकेक अक्षर लावत वाचायचे, आणि वाचून होईतो बस पुढं गेलेली असायची.

कंपनीच्या माणसानं सगळ्या पुरुषांना बूट सक्तीचे केले होते. ह्यांना नव्या बुटांनी पहिल्याच दिवशी टाचेला फोड आणले, आणि दुसऱ्या दिवशी बॅगेच्या तळातून कोल्हापुरी चपला निघाल्या. माझ्या नकळत आणलेल्या. त्याही करकर वाजणाऱ्या. हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवरून हे चालले की काउंटरवरची माणसं मान वर करून बघायची. मी थोडी मागं राहायचे... ओळख नसल्यासारखी.

त्यात ह्यांना बघायचं काय, तर मोटरी. सगळे कारंज्यापुढं फोटो काढतायत आणि हे कारंज्यामागं वाकून मोटर किती हॉर्सपॉवरची ते बघतायत.

चुकामूक अशीच झाली. सकाळी तिथल्या तमिळ लोकांच्या वस्तीतलं एक देऊळ बघितलं, मग जवळच्याच एका भल्यामोठ्या दुकानात सगळ्यांना खरेदीला सोडलं. हे नळाच्या तोट्यांपाशी अडकले. मी छत्र्या बघत बघत एका दारातून बाहेर पडले... ते आत आलो ते दार नव्हतं. परत आत शिरले तर मजलाच वेगळा. पुन्हा बाहेर आले तर रस्ताही वेगळा.

हॉटेलचं कार्ड ह्यांच्या खिशात. पासपोर्ट कंपनीच्या माणसाकडं. मोबाईल कुणाकडंच नाही. माझ्या पर्समध्ये कंगवा, कुंकवाची डबी आणि शेंगदाण्याचे लाडू. लेकीला सासूबाईंजवळ ठेवून आले होते. ती डोळ्यापुढं आली. आता आपण इथंच राहिलो तर...

तेव्हा वाडी आठवली. लग्नानंतरच्या पहिल्या पौर्णिमेला आम्ही तिथं गेलो होतो आणि मी गर्दीत हरवले होते. सापडल्यावर ह्यांनी नियमच घातला होता. "पुन्हा हरवलीस तर हुडकत फिरायचं न्हाय. चपला काढल्यात तिथं येऊन थांबायचं. माणूस कुठंबी जाऊ दे, चपलांपाशी येतंयच की."

सिंगापुरात चपला काढलेली जागा एकच होती. सकाळचं देऊळ.

पण ते कुठल्या बाजूला? माझं माहेर गडहिंग्लजकडचं, घरात कानडी. कोपऱ्यावर गजरे विकणारी एक बाई दिसली, तिला सरळ कानडीत विचारलं. ती तमिळमध्ये बोलली. दोघींना एकमेकींचं अर्धंमुर्धं कळलं. मग मी हात जोडले, हवेतच घंटा वाजवली आणि वाकून चपला काढून दाखवल्या. ती खळखळून हसली, टोपलीवर फडकं टाकलं आणि माझा हात धरून चालायला लागली.

देवळाच्या दारात चपलांची फळी होती. माझी नजर आधी देवाकडं नाही, फळीकडं गेली. इतक्या सगळ्या रबरी चपलांत, सँडलांत ती एक जोडी... रुंद, तेल पिऊन काळी पडलेली, लाल गोंड्याची. ज्या चपलांची मला लाज वाटत होती, त्यांच्याशेजारी मी मटकन बसले आणि त्यांच्यावर हात ठेवला. कुणी नेऊ नयेत म्हणून.

थोड्या वेळानं हे देवळातून बाहेर आले. कपाळभर विभूती, डोळे लाल. मला बघून थांबले आणि म्हणाले, "तोट्या लई भारी हायत गं हितल्या."

मी विचारलं, "घेतल्या का?"

"कुठलं घेतोय. तू दिसंनास म्हटल्यावर..." आणि ते वाक्य राहिलं ते राहिलंच.

नंतर बसमध्ये कळलं, कंपनीचा माणूस पोलिसांकडं जाऊया म्हणत होता. ह्यांनी त्याला सांगितलं होतं, "पोलीस कशाला? ती येती की बरोबर. वाडीची पद्धत हाय आमची." त्या बिचाऱ्यानं सिंगापूरच्या नकाशात वाडी शोधली म्हणे.

परतीच्या प्रवासात विमानतळावर मी ह्यांच्या बरोबरीनं चालले. करकर, करकर... लोक बघत होते. बघू देत.

हे जाऊन आता काही वर्षं झाली. लेकीचा रोज फोन येतो, उशाला पुस्तक असतं, दिवस जातात. रविवारी त्या भांडणाऱ्या मुलीला मी हा नियम सांगितला. त्याला रेंज लागत नाही म्हटलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि दोघंही हसली.

दर्शन झालं, चपला घातल्या, तरी मी तिथंच उभी होते. चपला सांभाळणाऱ्या बाईनं विचारलं, "कुणी यायचं हाय का काकू?"

"न्हाय गं," म्हटलं. "सवय हाय."